न आखलेला डोळा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

आधी एक दुरुस्ती. परवा टोरांटोहून निघण्यापूर्वी मी या वहीत लिहिलं होतं की चित्रातल्या सीलचा डोळा मिटलेला आहे. ते चूक आहे. डॉक्टरकाकांनी फोनवर पाठवलेल्या फोटोत फक्त डोकं होतं, तेही अंधुक. आज मूळ चित्र पाहिलं. डोळा मिटलेला नाही. तो काढलेलाच नाही. पापण्यांच्या कडा आहेत, खालची ओली सुरकुती आहे आणि मध्ये कोरा कागद. न पाहता लिहायचं नाही, हे मला लहानपणापासून शिकवलंय. तरी लिहिलं.

बाकी सगळं चांगलं आहे. विंडसरमध्ये आज ऊन होतं. डॉ. शरदचंद्र दिघे स्वतः स्टेशनवर घ्यायला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि गाडी मात्र अशी चालवतात की मी सीटबेल्ट दोनदा चाचपून पाहिला. घरासमोर नदी, नदीपलीकडे डेट्रॉइटच्या इमारती. आमच्याकडे व्हिसाशिवाय अमेरिका दिसते, असं म्हणून काका स्वतःच हसले. हा विनोद ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात, हे नीलिमाकाकूंनी मला लगेच सांगितलं.

काकूंनी दारातच विचारलं की पेणची मुलगी आणि पोह्याचे पापड न घेता आली कशी. मी इतकी घाबरले की खरंच माफी मागितली. मग त्या हसल्या. उंच, ताठ बाई. तीस वर्षं इथल्या लॅबमध्ये काम केलं. माझ्यासाठी बेसमेंटमधली खोली झाडून-पुसून ठेवलीय, वॉशरूम वेगळी, हीटिंग उत्तम. तुझ्या पायाखाली आणखी एक मजला आहे म्हणाल्या. या गावाखाली मिठाची खाण आहे. कधीकाळी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ राहिलं.

काम असं: चित्राची हुबेहूब नक्कल करायची. मूळ चित्र एका म्युझियमला विकलंय. नक्कल काकूंना हवी आहे. बाबांना व्हॉट्सॅपवर घर दाखवलं. ते खूश झाले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज दिवसभर फक्त पाहिलं. एक रेघही काढली नाही.

चित्र युरोपातल्या प्रबोधनकाळातलं आहे, साधारण पाचशे वर्षांपूर्वीचं. कुणी काढलं, माहीत नाही. काकांनी ते जवळच्या लेमिंग्टन गावातल्या एका डच म्हाताऱ्याच्या घरच्या सेलमध्ये घेतलं होतं, फ्रेम आवडली म्हणून. तपकिरी शाई, पिसाची लेखणी, वर पातळ करड्या रंगाचा हात. एक मोठा सील फळ्यांवर पोटावर पडलाय. मागचे दोन्ही पंख, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, दोराने एकत्र बांधलेत. पाठीवर ओलं फडकं टाकलंय. मिशीचा एकेक केस वेगळा. कातडीवरचे ठिपके असे की बोट लावलं तर ओलं लागेल. एवढं जवळून आणि एवढं खरं मी काहीच पाहिलं नव्हतं. चेहरा थोडा आमच्या विलासमामासारखा आहे, विशेषतः गळ्याच्या वळ्या.

आता फोनने फोटो काढायची बंदी आहे. म्युझियमशी तसा करार झालाय, काकांनी दोनदा बजावलं.

शाई मी घरी करणार. मायफळ कुटून भिजवायचं, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि बाभळीचा डिंक. मायफळ इंडियन ग्रोसरीत मिळालं. दुकानदाराने विचारलं, घर में छोटा बच्चा है क्या? मी म्हटलं, नहीं, एक सील है. तो हसला नाही.

या शाईची गंमत अशी की लावताना ती फिकी असते, जवळजवळ पाण्यासारखी. मग हवा लागून दिवसागणिक काळी होत जाते आणि कागदात उतरते. एकदा उतरली की निघत नाही. कॉलेजात हे शिकवायला वेगळं लेक्चर होतं, पण मला आजोबांनी ते आधीच सांगितलं होतं. शाळेत जायच्या आधी मी आमच्या गणपतीच्या कारखान्यातच शिकले. पाटीवर अक्षराच्या आधी डोळा काढायला शिकले. आमच्या घरात डोळ्यांची आखणी हेच काम. साचे, रंग, दागिने इतर करतात. डोळे आखायला मूर्ती आमच्याकडे येते.

रविवार, ९ नोव्हेंबर

काका-काकूंचा मुलगा उन्मेष टोरांटोजवळच्या एटोबिकोहून आला होता. पंधरा डिसेंबरला, सोमवारी, म्युझियमची माणसं येऊन चित्र पॅक करून नेणार. त्यानंतर आईबाबांनी हे घर विकून त्याच्याजवळ काँडोत यावं, असा त्याचा आग्रह आहे. या वयात ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करताना बाबा पडले म्हणजे मला फोन येणार आणि मी चार तास ड्राइव्ह करणार, असं म्हणाला. काकांनी सांगितलं की ते पडले तर नव्वद टक्के शक्यता आहे की आधी नीलिमा येऊन ओरडेल, तेव्हा फोनची वेळ यायला अवकाश आहे.

जेवताना काकू सीलकडे पाहत होत्या. चित्र त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर टांगलंय. तीस वर्षं या आंधळ्यासमोर बसून जेवतेय, म्हणाल्या. तो कधी माझ्या ताटाकडे बघत नाही की माझ्याकडे बघत नाही. माझ्या चित्रात तरी त्याला डोळा दे.

मी म्हटलं, नक्कल म्हणजे नक्कल. मूळ चित्रात नाही ते मी कसं घालू?

उन्मेष म्हणाला, घाल ना, हू केअर्स, डायनिंग रूममध्येच तर लावायचंय.

विचार करते म्हटलं. खरं तर मलाही तो कोरा डोळा सहन होत नाही. हात शिवशिवतो. आमच्याकडे डोळ्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नक्कल अर्धी झाली. शेपटाकडून डोक्याकडे काढतेय, कारण मूळ चित्रकारानेही तसंच काढलंय. ते शाईच्या थरांवरून कळतं.

नक्कल करताना हातालाच एक गोष्ट कळली. शेपटाकडचा सील जाडजूड आहे, चरबीने टरारलेला. कमरेशी कातडी सैल. छातीशी फासळ्या. मानेवर ती लोंबतेय. विलासमामासारख्या ज्या वळ्या मला गंमतीच्या वाटल्या, त्या वळ्या नाहीत. ते सुकणं आहे. हे एका दिवसात काढलेलं चित्र नाही. प्राणी फळ्यांवर बांधून ठेवला, मरू नये म्हणून ओलं फडकं टाकलं, आणि तो वाळत असताना हा माणूस शेपटापासून वर वर काढत गेला. जितका वर आला, तितका प्राणी संपत आला.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, मग डोळ्यापर्यंत येईतो मेला असणार, म्हणून राहिला. सिंपल.

पण मेलेला डोळाही काढता येतो. आणि मिशा पापणीनंतर काढल्यात, शाई तिथे पापणीवरून गेलीय. त्याच्याकडे वेळ होता. त्याने ती जागा सोडली. आमच्याकडे सोडतात तशी.

आमच्याकडे डोळा शेवटी. आणि तो आखताना समोर कुणी उभं राहायचं नाही. आखणारासुद्धा नाही. बाजूला उभं राहायचं, तोंड वळवायचं, श्वास धरायचा आणि शेवटचा ठिपका न बघता द्यायचा. हाताला जागा पाठ असते. मूर्तीसमोर नारळ ठेवायचा, म्हणजे पहिली नजर त्याच्यावर पडते. पहिली नजर ज्याच्यावर पडते त्याच्याकडे ती मागते, असं आजोबा म्हणायचे. काय मागते ते कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नक्कल पूर्ण झाली. दोन्ही कागद डायनिंग टेबलावर शेजारी ठेवले तर काकांना चष्मा लावूनही पटकन ओळखू येईना. काकूंनी मला मिठी मारली आणि डोळ्याचा विषय पुन्हा काढला. मी हो म्हटलं. मूळ चित्राला धक्का लागत नाही, त्यांच्या भिंतीवरचं त्यांचं चित्र, काय हरकत आहे.

दुपारी आखला. सवयीने बाजूला उभी राहिले, तोंड वळवलं, श्वास धरला. काकू त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या, बरोबर समोर. त्यांना बघायचं होतं. समोर बसू नका असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण हसं होईल म्हणून गप्प बसले. सीलच तर आहे.

ठिपका दिला. शाई ताजी, फिकी, आत्ता काहीच दिसत नाही. दोन-तीन दिवसांत उमटेल. काकूंना म्हटलं, धीर धरा. त्या म्हणाल्या, तीस वर्षं धरलाय.

संध्याकाळी त्यांना फार तहान लागली होती. वरणात मीठ जास्त पडलं का, विचारत होत्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

नकलेवर डोळा अजून उमटला नाही. कागद कोरा. हिराकस कमी पडला असावा. उद्या पुन्हा बघेन.

काकूंचे पाय आखडलेत. दोन्ही पावलं एकमेकांना चिकटून. हसत म्हणाल्या की लग्नात जड शालू नेसून अशीच चालले होते. घोट्यांवर लाल वळ आहे, दोन्ही पायांभोवती एकच. काकांनी मोज्यांचं इलॅस्टिक बघितलं. इलॅस्टिक सैल होतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

दुरुस्ती. गुरुवारी मी लिहिलं की मी नकलेवर डोळा आखला.

ऊन सरकत होतं. मूळ कागदावर येत होतं. उन्हाने शाई फिकटते, म्हणून ठिपका देण्याआधी मी मूळ चित्र उजवीकडे सरकवलं, सावलीत. नक्कल डावीकडे गेली. हे मीच केलं. आता स्वच्छ आठवतंय. मग तोंड वळवलं आणि हात नेहमीच्या जागी उजवीकडे गेला.

मूळ चित्रात डोळा आहे. तपकिरी, ओला. आज सकाळी उमटलेला दिसला.

पाचशे वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही त्याला मी—

काकांना सांगायला हवं. उद्या सांगेन.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सांगितलं. काल सांगितलं नाही, आज सांगितलं.

काकांनी भिंग लावून बघितलं. मग उन्मेषला स्पीकरवर घेतलं. मला वाटलं ओरडेल. त्याने बंदी असूनही फोटो मागवला आणि म्हणाला, ऑनेस्टली, बरं दिसतंय. म्युझियमला एक शब्द सांगायचा नाही, पंधराला जाऊ दे. मी म्हटलं की हे खोटं आहे. तो म्हणाला, जाई, डोंट बी ड्रॅमॅटिक, तुझं वर्क परमिट कुणाच्या पत्रावर आहे ते आठव.

काका म्हणाले, ज्या माणसाची बायको धड चालत नाही त्याला आत्ता शाईचं सांगू नको. ते बरोबरच आहे.

काकूंना हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. रक्तात मीठ वाढलंय, पाणी कमी आहे. सलाइन दिलं, परत पाठवलं. गुडघ्यापर्यंत कातडी कोरडी, भेगा पडलेली. मी कोमट पाण्याने पुसली तेव्हा डोळे मिटून म्हणाल्या, अजून. तसंच ओलं टाकून ठेव.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दोन्ही कागद शेजारी लावले. आता रोज लावते.

मूळ चित्रात दोर नाही.

माझ्या नकलेत आहे. तीन पदरी, गाठ डावीकडे. मी तो बघून काढला. मूळ चित्रात मागचे पंख आता सुटे आहेत, बोटं पसरलेली. कागद तिथे खरवडलेला नाही, भिंगाने पाहिलं. जणू कधी नव्हताच.

काकांना दाखवलं. म्हणाले, तू चुकून घातलास. मी तसं घालत नाही. त्यांना ते कसं पटवून देऊ? तीस वर्षं समोर जेवले आणि त्यांना दोर आठवत नाही. काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, होता. आणि पायांकडे बघितलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ठिपका काढून टाकायचं ठरवलं. चित्र खराब झालं तरी चालेल, तुरुंगात गेले तरी चालेल. काका ग्रोसरीला गेले होते. बारीक पातं घेतलं. शाईच्या कडेला टेकवलं, कागदाचा एक धागा उचलला, एवढंच.

वरून काकूंची किंकाळी.

धावत गेले. डावा डोळा हाताने दाबून धरला होता. बोटांच्या फटीतून रक्त. बुबुळाच्या कडेला एक चीर, केसासारखी.

पातं नदीत टाकलं.

मंगळवार, २ डिसेंबर

बाबांशी बोलले. आधी हसले, सीलला कसला डोळा आखतेस म्हणाले. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं: समोर कोण बसलं होतं?

बाबा म्हणाले, दिलेला डोळा परत घेता येत नाही. नजर फक्त वळवता येते. त्याच ठिपक्यावर दुसऱ्यांदा ठिपका द्यायचा, पण बाजूने नाही. समोर बसून, डोळ्यात डोळा घालून. म्हणजे ती पहिल्याला सोडते.

आणखी एक दुरुस्ती, या वहीतली नाही, माझ्या आयुष्यातली. आजोबा विसर्जनाच्या गर्दीत पाय घसरून बुडाले, असं मला सांगितलं होतं. ते चूक होतं. शेजाऱ्यांचं लहान मूल मूर्तीसमोर रांगत आलं होतं, आजोबा तोंड वळवून ठिपका देत असताना. मूल आजारी पडलं. आजोबा समोर बसले आणि त्यांनी पुन्हा आखणी केली. मूल बरं झालं. आजोबा विसर्जनाला मूर्तीबरोबर पाण्यात उतरले आणि पुढे चालत राहिले. बाबा काठावर होते.

मग बाबा रडले. म्हणाले, तिकीट पाठवतो, आजच नीघ. दुसऱ्याचं घर आहे, दुसऱ्याची म्हातारी आहे. तुझं काय जातंय?

गुरुवार, ४ डिसेंबर

तिकीट आलं. उद्याचं.

काकू कमरेपर्यंत—

उताणं झोपवत नाही त्यांना. पोटावरच पडतात, हात अंगाशी, डोकं वर. चित्रात पडलाय तशाच. पाठीवर ओला टॉवेल मी टाकते. दर वेळी टाकताना कळतं की मी काय करतेय. त्या चित्रकारानेही फडकं टाकलं होतं. जगावा म्हणून नाही. संपेपर्यंत टिकावा म्हणून.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गेले नाही. बॅग भरली होती. काका टॅक्सीपर्यंत आले, माझ्या हातात पाकीट द्यायला लागले, वर म्हणाले की पोरी, तुझी काही चूक नाही, वय झालंय तिचं. ते चूक आहे. मी त्यांना चुकीचं वाक्य मनात घेऊन जगू देऊ शकत नाही. टॅक्सी परत पाठवली.

चित्रातलं फडकं गेलंय. पाठ ओली, भरलेली, चकाकतेय. कंबर जाड झालीय. फासळ्यांपर्यंत आलाय.

म्युझियमकडे गेला तर बंद पेटीत जाईल, माझा हात पोचणार नाही, आणि काकू—

पंधरा तारीख.

सोमवार, ८ डिसेंबर

बर्फ. रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक गेला. काकूंनी आवाज ऐकला आणि दाराकडे सरपटायला लागल्या. हातांवर. काका आणि मी दोघांनी धरलं. केवढी ताकद. काका डॉक्टर आहेत. जिन्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मला म्हणाले, साठ वर्षं माणसं पाहिली, हे काय आहे ते सांग. मी सांगितलं. हसले नाहीत. पण म्हणाले, असं काही नसतं. आणि मग, थोड्या वेळाने: नसतं ना?

उन्मेष येतोय. काकूंना वृद्धांच्या होममध्ये ठेवायचं म्हणतोय.

बुधवार, १० डिसेंबर

छाती.

श्वास घेतात, मग बराच वेळ काहीच नाही. नाकपुड्या मिटतात. मग एकदम उघडतात. काकांनी ऑक्सिजन आणवलाय. उपयोग नाही. ऑक्सिजन नको आहे त्यांना.

आज मात्र मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि बोलल्या. आवाज जाड. म्हणाल्या, डोळा छान आखलास गं. मी पाया पडले. म्हटलं, मी वळवते, मला येतं. त्या समजल्या, मी न सांगता. नको म्हणाल्या. मी ऐंशीची आहे, तू पोर आहेस, पापड आणायला विसरलीस एवढाच तुझा गुन्हा.

हसल्या. दात—

नाही लिहीत.

गुरुवार, ११ डिसेंबर

आता चित्राकडे बाजूनेच बघते. डोळा पूर्ण काळा झालाय. शाई एवढी काळी होत नाही.

तो काकूंच्या खुर्चीकडे बघतो. खुर्ची हलवली. नजर वरच्या मजल्याकडे. काकूंच्या खोलीकडे.

भीती वाटतेय. खूप. हे लिहून ठेवते, कारण नंतर कुणी म्हणेल की मुलगी धीट होती. नव्हते. दोनदा तिकिटांच्या साइटवर जाऊन आले. आज सकाळीसुद्धा.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ठरलं. रविवारी, १४ तारखेला. दुपारी काका ट्रेनने येणाऱ्या उन्मेषला घ्यायला स्टेशनवर जातील, तेव्हा घरात मी आणि काकू. टेबलावर ऊन येईल. शाई तयार आहे. मूळ चित्र समोर उभं करायचं, मी समोर, काकूंच्या खुर्चीत. डोळ्यात डोळा. एक ठिपका.

मग काकू उठतील. उठल्यावर त्यांनी एवढंच करायचं: मूळ कागद नदीत सोडायचा. मी पाण्याकडे निघाले तर मला अडवायचं नाही. म्युझियमला नक्कल द्यायची आणि ती नक्कल आहे हे सांगायचं. हे महत्त्वाचं आहे. घरच्यांना ते रुचणार नाही, पण सांगायचं.

बाबांना फोन केला नाही. ते काठावर उभे राहिले होते एकदा.

मानेपर्यंत आलंय. रविवारपर्यंत पोचणार नाही डोळ्यापर्यंत. मी मोजलं. तो जितक्या दिवसांत—

शनिवार

मोजलेलं चूक.

सकाळी वर गेले. मिशीसारखे राठ केस, ओठांवर. डावा डोळा— चीर बुजलीय, पांढरं नाही राहिलेलं, सगळा काळा. काका त्यांच्या कानाशी नाव घेतायत, नीलिमा, नीलिमा. ओळख नाही. उजवा डोळा अजून त्यांचा आहे. तेवढाच.

खाली आले. चित्र उभं केलं. शाई.

खुर्चीत बसलेय. अजून वर बघितलं नाही. वही मांडीवर. तो श्वास घेतो ते ऐकू येतंय. कागदातून. समुद्राचा वास, आणि खाली, जमिनीखाली, ते सगळं मीठ—

पाय जुळवून बसलेय. मुद्दाम नाही.

वर काकू ओरडल्या. माणसाचा आवाज होता. अजून वेळ आहे. अजून—

शेवटची दुरुस्ती. काल लिहिलं की रविवारी, १४ डिसेंबरला. ते चूक. रविवारी नाही. आज. शनिवार, १३ डिसें—